अंगण वाकडं आहे का, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. बारा नर्तकांची पगारी संस्था, समकालीन नृत्याचा बाज. यंदापासून अपंग नर्तकांनाही घ्यायचं ठरलं. दाराशी रॅम्प बांधला, जाहिरातीत ‘सर्वांचं स्वागत’ लिहिलं, आणि ऑडिशनला एकही अपंग नर्तक फिरकला नाही. चुकलं कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा तुम्ही जरा चाचरत विचारलाय: यानं कामाचा दर्जा तर खाली येणार नाही ना?

दुसऱ्या प्रश्नासाठी चाचरू नका. तो प्रत्येक संस्थेच्या मनात असतो, फक्त बैठकीत कुणी तोंडावर आणत नाही. त्याच्याकडे येतेच. मी वीसेक वर्षं मिश्र चमूंच्या तालमी घेते. व्हीलचेअरवरचे, कुबड्यांवरचे, कर्णबधिर, दृष्टिहीन आणि यातलं काहीच नसलेले, असे सगळे नर्तक एकाच वर्गात असतात. जे सांगणार आहे ते बहुतेक चुका करून शिकलेलं आहे.

आधी जाहिरात. तुम्ही सोबत पाठवलीत ती वाचली. वय 18 ते 26. ‘उत्तम शारीरिक क्षमता आवश्यक.’ रोज आठ तास तालीम. सकाळी नऊला हजर राहायचं, निवड झाली तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. आणि तळाला, ‘सर्वांचं स्वागत’. आता कुबड्या घेऊन चालणाऱ्या एखाद्या चांगल्या नर्तिकेच्या नजरेनं ती वाचा. वरच्या चार ओळींनी तिला दार लावलंय, आणि पाचवीनं ते उघडत नाही. शिवाय तिला हवी ती माहिती कुठेच नाही: तालमीची खोली कोणत्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृहात खुर्ची वळते का, जमीन लाकडी की सिमेंटची, सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळेल का. ही उत्तरं नसली की अनुभवी माणूस ‘नाही’ असंच धरून चालतो. आयुष्यभर तेच बरोबर निघालेलं असतं. प्रवासाचे पैसे आणि एक अख्खा दिवस खर्चून पायऱ्यांचं दर्शन घ्यायला कोण येईल?

पुढच्या वेळी माहिती आधी द्या, जशी आहे तशी. ‘लिफ्ट आहे, पण दार अरुंद आहे, इतकं इतकं रुंद’ असं लिहिलंत तरी चालेल. खरं लिहिणाऱ्याचा भरवसा वाटतो. अर्जात ‘तुम्हाला काय झालंय?’ असा रकाना ठेवू नका. ‘तुमचं काम उत्तम व्हावं म्हणून आम्ही कोणती सोय करावी?’ असं विचारा, आणि हे प्रत्येक अर्जदाराला विचारा. गुडघ्याचं दुखणं लपवून नाचणारे, फिट्स येणारे, अक्षरं उलटसुलट दिसणारे, तान्ह्या मुलाची आई असलेली, असे कितीतरी लोक त्या रकान्यात पहिल्यांदा खरं बोलतात. तुमच्या आत्ताच्या बारा जणांतही असे दोन-तीन निघतील, पैज लावते.

ऑडिशनची पद्धतही बदला. दोनदा करून दाखवायचं, मग उलट्या बाजूनं, मग पाच-पाचच्या गटात, आणि छातीवर नंबर लावून गाळायचं, या पद्धतीत पटकन नक्कल करणारा निवडला जातो. नाचणारा निवडला जाईलच असं नाही. संगीत आणि हालचालींचा तुकडा आठवडाभर आधी पाठवा, व्हिडिओ आणि शब्दांतलं वर्णन दोन्ही. मग दोन तासांची कार्यशाळा घ्या. माणूस सूचना कशी ऐकतो, दुसऱ्याच्या वजनाशी कसा वागतो, दुरुस्ती दिल्यावर काय करतो, हे तिथे दिसतं.

एवढं करूनही पहिल्या वर्षी कदाचित दोघंच येतील. याचं कारण तुमच्या हातात नाही. आठव्या वर्षी नृत्यवर्गाच्या दारातूनच ज्यांना परत पाठवलं, ते पंचविसाव्या वर्षी ‘प्रशिक्षित’ होऊन कुठून येणार? ‘तयारीचे कलाकारच मिळत नाहीत’ ही तक्रार मी दर वर्षी ऐकते, आणि करणारी बहुतेक मंडळी स्वतः वर्ग चालवतात. म्हणून ज्या संस्थांनी हे काम मनावर घेतलं त्यांनी प्रयोगांबरोबर प्रशिक्षणही सुरू केलं. अमेरिकेत मेरी व्हर्डी-फ्लेचर यांनी 1980 मध्ये ‘डान्सिंग व्हील्स’ ही मिश्र नर्तकांची संस्था काढली, 1987 मध्ये तशीच ‘ॲक्सिस’ सुरू झाली, ब्रिटनमध्ये 1991 मध्ये ‘कॅन्डोको’. कॅन्डोकोच्या दोन संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर या स्वतः व्यावसायिक नर्तिका. 1973 मध्ये प्रयोग चालू असताना रंगमंचावरच पडून त्यांच्या मणक्याला इजा झाली. म्हणजे ज्या शरीराकडे व्यवसायानं पाठ फिरवली असती, त्याच शरीरात प्रशिक्षित नर्तिका आधीपासून होती. तुम्हीही एका नर्तकाला थेट चमूत घेण्याबरोबर दोघांना वर्षभराची पगारी उमेदवारी द्या. पगारी हा शब्द महत्त्वाचा. फुकटची उमेदवारी घरचं पाठबळ असणाऱ्यांनाच परवडते, अपंग असोत वा नसोत.

आता मुख्य गोष्ट: रोजचा वर्ग. संस्था खुली आहे की नाही, हे सकाळच्या पहिल्या दीड तासात ठरतं.

माझ्या वर्गात पहिल्यांदा व्हीलचेअरवरची नर्तिका आली तेव्हा मी तिला म्हणत राहिले, ‘तू तुझ्या पद्धतीनं कर.’ मला वाटायचं, केवढी मोकळीक देतेय! दोन आठवड्यांनी तिनं शांतपणे विचारलं की तिच्या चुका मी कधी सांगणार आहे. बाकी अकरा जणांना मी खांदा खाली, श्वास सोड, वजन मागे राहतंय, असं दर मिनिटाला काही ना काही सांगत होते. तिला नुसतं ‘छान!’ वर भाषांतराचं सगळं काम तिच्या एकटीच्या माथी. इतर शिकत होते आणि ती स्वतःची शिक्षिका होऊन बसली होती. वर्गात असूनही ती वर्गाबाहेर होती, आणि ते मीच केलं होतं.

तेव्हापासून मी हालचाल आकारानं सांगत नाही, तिच्या कामानं सांगते. बॅलेतला प्लिए घ्या, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं. ‘गुडघे वाकवा’ म्हटलं की खुर्चीवरच्या नर्तकाचं काम संपलं. पण प्लिए कशासाठी असतो? वजन जमिनीत सोडायचं, पुढच्या हालचालीसाठी दाब साठवायचा आणि उतरताना धक्का पचवायचा. हे काम ओटीपोटातून, छातीच्या हाडातून, चाकाच्या कड्यावर हळूच दाब देऊन तो सोडण्यातून करता येतं. आणि मग दुरुस्तीही करता येते: दाब साठला नाही, सुटताना घाई झाली. उभ्या नर्तकाला मी जे सांगते तेच. गिरकी म्हणजे एका अक्षाभोवती वेग राखत फिरणं. खुर्चीत तो अक्ष दोन चाकांच्या मध्ये असतो, एक चाक पुढे आणि एक मागे ढकललं की जागच्या जागी फिरता येतं, आणि नजर नेमकी कुठे लावायची हा प्रश्न तिथेही सुटलेला नसतो. उडीचं काय? मी उडीचा अर्थ ‘लटकता क्षण’ असा लावते. खुर्ची मागच्या चाकांवर तोलून धरली की तो क्षण सापडतो. एकीला तो पूर्ण वेगात अचानक थांबण्यात सापडला, मला सुचलंच नव्हतं.

एक ढोबळ चूक टाळा: पायांच्या हालचाली आहेत म्हणून खुर्चीवाल्या नर्तकाला कोपऱ्यात बसवून हातांच्या हालचाली देणं. बाकीचे मंचभर धावतात आणि तो दिव्याच्या खांबासारखा एका जागी. खुर्ची तर मंचावरची सगळ्यात वेगवान गोष्ट आहे! एका ढकलण्यात ती अर्धा मंच ओलांडते आणि वरचं शरीर अगदी स्थिर राहतं. हे घरंगळणं उभ्या नर्तकाला जन्मात जमत नाही. म्हणून मी महिन्यातून एकदा उलटा वर्ग घेते. तुकडा खुर्चीवरचा नर्तक रचतो आणि भाषांतर बाकीच्यांनी करायचं. पहिल्याच दिवशी उभ्यांची तारांबळ बघण्यासारखी असते, आणि ‘माझ्यासाठी सोपं करून द्या’ असं म्हणणं किती जड जातं हेही त्यांना कळतं.

खुर्ची आणि कुबडी यांना हात लावण्याआधी विचारायचं, हा नियम पहिल्या दिवशी सांगा. ते सामान नाही, शरीर आहे. स्कॉटलंडच्या नर्तिका क्लेअर कनिंगहॅम यांनी कुबड्यांच्या बळावर स्वतःचं अख्खं नृत्यतंत्र उभं केलंय. ते बघितल्यावर कुबडीला कुणी ‘आधार’ म्हणणार नाही.

कर्णबधिर नर्तकांबद्दल लोकांचा समज असा की ते जमिनीतून कंपनं ‘ऐकतात’, झालं काम. लाकडी जमीन आणि मोठा ढोल असेल तर थोडंफार खरं आहे. पण कंपनांवर अख्खा प्रयोग उभा राहत नाही. लय शरीरात मुरते ती मोजण्यातून, श्वासातून, शेजाऱ्याकडे बघण्यातून. चीनमधल्या अपंग कलाकारांच्या पथकाचं सहस्रहस्त बोधिसत्त्वाचं नृत्य अनेकांनी पाहिलं असेल. एकामागे एक एकवीस कर्णबधिर नर्तक, आणि हात इतके नेमके की पाहणारा थक्क होतो. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उभे राहून खुणा करणारे सूचक त्यांना काळ देतात. तुमच्याकडेही तेच करायचं आहे, लहान प्रमाणात: विंगेत सूचक किंवा छोटा दिवा, आणि प्रत्येक प्रवेशासाठी दिसणारी खूण. वर्गात पाठ करून बोलू नका. आरशात बघत ओरडून सूचना देण्याची सवय आम्हा सगळ्या शिक्षकांना असते, ती मोडायला मला वर्ष लागलं. करून दाखवणं आणि बोलणं एकाच वेळी नको, कारण नर्तक एक तर दुभाष्याकडे बघेल नाही तर तुमच्याकडे. दुभाषी दोन हवेत. एकच माणूस दिवसभर हे काम करू शकत नाही, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते. आणि त्यांना रचना आधी दाखवा, नाही तर ‘वजन सांडू दे’ यासारख्या आपल्या बोलीचं ते बिचारे काय करणार?

दृष्टिहीन नर्तकासाठी शब्द नेमके हवेत. ‘असं, मग असं’ चालत नाही. गंमत म्हणजे तुम्ही ‘उजवा हात कानाजवळून वर, तळवा मागे’ असं बोलायला लागलात की डोळसांचंही काम सुधारतं. आलिसिया अलोन्सो या क्युबाच्या जगविख्यात बॅलेरिनाची दृष्टी विशीतच बरीचशी गेली होती. नंतरची कित्येक दशकं त्या मंचावर दिव्यांच्या खुणेनं दिशा धरत, आणि जोडीदार ठरल्या जागी बिनचूक उभा राही. तेव्हा याला कुणी ‘समावेशक’ वगैरे म्हणत नव्हतं. नायिका थोर होती म्हणून अख्खा मंच तिच्याभोवती आखला गेला. सोय करता येत नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला हेच आठवतं.

आता इमारत. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आपण नर्तकाच्या तोंडावर फेकायला वापरतो. पण आमच्या धंद्यात अंगण बऱ्याचदा खरोखरच वाकडं असतं. जुन्या नाट्यगृहांत मंच प्रेक्षकांकडे उतरता असतो आणि खुर्ची आपोआप पुढे सरकते. अशा मंचावर स्थिर उभं राहायचं दृश्य असेल तर ब्रेक लावायचा की हातांनी तोलायचं, हे टेक रिहर्सलच्या, म्हणजे दिवे-ध्वनीसकटच्या तांत्रिक तालमीच्या आधी ठरायला हवं. मंचावर अंथरलेल्या व्हिनाइलच्या पट्ट्यांचे जोड नीट चिकटवलेले नसले तर पुढची छोटी चाकं तिथेच अडकतात. मी एका दौऱ्यात हे प्रयोगाच्या मध्यात पाहिलंय, नर्तक खुर्चीसकट पुढे झेपावला आणि केवळ शेजारीण जवळ होती म्हणून वाचला. तेव्हापासून जोड मी स्वतः हातानं चाचपते. चाकांचे टायर प्रयोगाआधी पुसायचे, नाही तर जमिनीवर काळ्या रेघा.

तुम्ही रॅम्प दाराशी बांधलात, तो प्रेक्षकांसाठी झाला. मंचावर जाणाऱ्यासाठी काय? बहुतेक नाट्यगृहांत व्हीलचेअरवरच्या माणसानं तिकीट काढून नाच बघायची सोय असते, नाचायची नसते. प्रेक्षागृहात सपाट रांग असते, पण मेकअप रूम जिन्यावर, विंगेत जायला सहा पायऱ्या आणि कलाकारांचं स्वच्छतागृह तळघरात. फूटभर उंची चढायला साधारण बारा फूट लांबीचा उतार लागतो आणि खुर्ची आरामात वळायला सुमारे दीड मीटरचं वर्तुळ, हे आकडे दौरा ठरवणाऱ्याच्या खिशात हवेत. नर्तकाला चौघांनी उचलून मंचावर ठेवणं हा उपाय नाही. त्याची मानही दुखते आणि मानही जातो.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात, कारण इथे उपाय सोपे आहेत आणि अडथळा फक्त सवयीचा आहे. आठ तासांची तालीम सहावर आणा आणि मध्ये खराखुरा विसावा ठेवा. थकवा आणि दुखणं डोळ्यांना दिसत नाही, पण नर्तक सोडून जाण्याचं ते मोठं कारण असतं. करारासोबत प्रत्येकाचं सोयीपत्रक, म्हणजे कुणाला कोणती सोय लागते याची नोंद, जोडा. मदतनीस, दुभाषी, दौऱ्यातली योग्य खोली यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळीत दाखवा. तो ‘इतर’मध्ये टाकलात की पैसे कमी पडताच तोच आधी कापला जातो.

आणि नजर फक्त अपंगत्वावर ठेवू नका. बॅलेच्या बुटांचा ‘त्वचेचा रंग’ पिढ्यान्‌पिढ्या गुलाबी होता. सावळ्या आणि काळ्या नर्तिका प्रयोगाआधी मेकअपचं फाउंडेशन बुटांना फासत बसायच्या. लंडनच्या ‘फ्रीड’ या बूट बनवणाऱ्या कंपनीनं ‘बॅले ब्लॅक’ या कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांच्या संस्थेच्या सोबतीनं तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले ते 2018 मध्ये. वयाचंही तसंच. नृत्यरचनाकार यिर्झी किलियान यांनी नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांसाठी वेगळा चमू उभा केला, तो 1991 ते 2006 चालला. बघितलेले सांगतात की पंचविशीच्या शरीरात ती शांतता येत नाही. मग तुमची 26ची अट कशासाठी, हे एकदा स्वतःलाच विचारा.

आता दर्जा. तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? बारा पाय एकाच उंचीवर जाणार नाहीत याची असेल, तर हो, ते जाणार नाहीत. एकसारखेपणा हा एक परिणाम आहे, सुंदर आहे, पण दर्जाचं दुसरं नाव नाही. अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांची 1983ची ‘सेट अँड रीसेट’ ही रचना कॅन्डोकोनं 2011 मध्ये घेतली. मूळ रचनाच काही हालचाली आणि उत्स्फूर्त खेळाच्या मोजक्या सूचना यांतून घडली होती. कॅन्डोकोच्या नर्तकांनी त्या हालचाली शिकून त्याच सूचनांवर आपला नाच घडवला. आकार बदलले, नियम तितकेच कडक राहिले. तुमच्या जुन्या रचना मिश्र चमूवर बसवताना हाच प्रश्न विचारा: या रचनेत काय हललं तर चालेल आणि काय हललं तर रचनाच राहणार नाही? ज्या रचनेला याचं उत्तर देता येत नाही ती मी बाजूला ठेवते.

दर्जा खरा घसरतो तो दुसऱ्याच वाटेनं, कौतुकाच्या. पडदा पडण्याआधीच लोक डोळे पुसायला लागतात आणि नर्तकानं तालाच्या चुकीच्या मोजणीवर प्रवेश केलाय हे कुणी बोलत नाही. सुधा चंद्रन 1981च्या अपघातात पाय गमावल्यावर कृत्रिम पायावर पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. ती जिद्द थोरच. पण नृत्यसंस्थांनी त्या गोष्टीतून सोयीस्कर धडा घेतला: जिद्द असेल तर माणूस स्वतःच येईल, आपण काही बदलायची गरज नाही. प्रसिद्धिपत्रकात ‘अपंगत्वावर मात’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘दिव्यांग’ लिहायचं की ‘अपंग’, हे त्या नर्तकाला विचारा. मला भेटलेल्यांपैकी बरेच जण ‘दिव्य’ या शब्दानं वैतागतात, काहींना तोच आवडतो. समीक्षकाला मात्र सांगा की टीका करायला पूर्ण मुभा आहे.

रचना करणाऱ्यांतही अपंग कलाकार हवेत, नाही तर कल्पना उभ्या शरीराच्याच राहतात. ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन या दोघी व्हीलचेअर वापरणाऱ्या नर्तिका ‘कायनेटिक लाइट’ या आपल्या चमूत रॅम्प हाच रंगमंच म्हणून वापरतात. जो उतार आपण नाइलाजानं दाराशी बांधतो, त्यावर त्या वेगानं कोसळतात, लटकतात, एकमेकींना वर खेचतात. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीचं वर्णनही त्या रचनेचाच भाग मानतात आणि त्यासाठी त्यांनी खास ॲप बनवलं. प्रेक्षकांच्या बाजूनं मी एवढंच सांगेन: वर्णन, प्रयोगाआधी मंच आणि वेशभूषा हातानं पाहण्याची फेरी, आवाज आणि अंधार कमी ठेवलेला एखादा निवांत प्रयोग, आणि लुकलुकत्या दिव्यांची आगाऊ सूचना. हे सगळं करा, पण चमूआधी नको. आधी मंचावर कोण आहे ते बदलू द्या.

पुढच्या ऑडिशनला तुमच्याकडे किती महिने आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार असतील तर पहिला महिना शिक्षकांसाठी ठेवा. एखाद्या अनुभवी अपंग नर्तकाला मानधन देऊन बोलवा आणि त्याच्याकडून तुमच्याच चमूचा वर्ग घ्या. दुसऱ्या महिन्यात जाहिरात नव्यानं लिहा, वयाची अट काढा. तिसऱ्यात ती जिथे अपंग कलाकार खरोखर वाचतात तिथे पोचवा, त्यांच्या संघटना आणि कर्णबधिरांचे गट यांच्यामार्फत, सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओसकट. त्या जाहिरातीसोबत फाटकापासून तालमीच्या जमिनीपर्यंतच्या रस्त्याचा एक सलग व्हिडिओ द्या. तो उभ्यानं काढू नका. खुर्चीत बसून, त्याच उंचीवरून काढा. दाराची कडी हाताला पोचते की नाही, ते तेव्हाच कळेल.